चौकशीला जा, आणि प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सही करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, 14 वर्षं काम. तिसऱ्या पाळीत प्रेसचा सेफ्टी सेन्सर (हात आत असताना प्रेस रोखणारा) बंद पडला, म्हणून तुम्ही प्रेस थांबवला. सुपरवायझर म्हणाला, सेन्सर बायपास कर आणि चालव, माल सकाळी जायचाय. तुम्ही नाही म्हणालात, दोघांचेही आवाज चढले. दुसऱ्या दिवशी गेटवरच निलंबनाचं पत्र हातात पडलं आणि मग आरोपपत्र आलं: वरिष्ठांची आज्ञा मोडणं, शिवीगाळ, उत्पादनाचं नुकसान. आठ दिवसांनी चौकशीची पहिली तारीख आहे. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील नेमलेत. कंपनीत युनियन नाही. एचआरचे साहेब फोनवर म्हणतात, "माफीपत्र लिहून द्या, मिटवून टाकू." आणि तुम्ही विचारताय, निकाल आधीच ठरला असेल तर त्या चौकशीला जाऊन काय उपयोग?

जा. प्रत्येक तारखेला जा. आणि माफीपत्र, निदान ते ज्या शब्दांत मागताहेत त्या शब्दांत, लिहू नका.

गेली 26 वर्षं मी अशा चौकश्यांमध्ये कामगाराच्या बाजूला बसतो आहे. आधी युनियनचा पदाधिकारी म्हणून बसायचो, नंतर वकिलीची सनद घेतली. "निकाल ठरलेला आहे" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक निलंबित माणसाकडून ऐकलं आहे, आणि त्यावर मी वाद घालत नाही. चौकशी अधिकाऱ्याची फी कंपनी देते, तेव्हा तुमचा अंदाज बरोबरही असेल. पण तुमची नोकरी राहते की जाते याचा शेवटचा निर्णय त्या खोलीत होत नाही. उद्या बडतर्फीचं पत्र आलं आणि तुम्ही न्यायालयात गेलात, तर तिथे सगळ्यात आधी चौकशीचे कागदच पाहिले जातात. म्हणजे आरोपपत्र, तुमचा खुलासा, आणि तारखेतारखेला झालेल्या कामकाजाची नोंद, जिला कंपनीत सगळे प्रोसिडिंग म्हणतात. तुम्ही बोलणार चौकशी अधिकाऱ्यासमोर, पण ते वाचणारा माणूस दोन-चार वर्षांनी ती फाइल उघडणार आहे. त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही, प्रेसचा आवाज ऐकू येणार नाही. कागदावर जे असेल तेवढंच त्याच्यापर्यंत पोचेल. तुमच्या हातात खरोखर काही असेल तर तो कागद आहे.

हे मी फार महागात शिकलो. नवा होतो तेव्हा एका कारखान्यातल्या चौघा निलंबितांना मी चौकशीवर बहिष्कार घालायला सांगितलं. साहेबच न्यायाधीश असतील तर जायचं कशाला, असं तेव्हा मलाही वाटायचं. चौकशी एकतर्फी झाली. दोन साक्षीदार आले, त्यांनी सांगायचं ते सांगितलं, उलटतपासणी शून्य. पुढे न्यायालयाने एवढंच पाहिलं की नोटिसा मिळाल्या होत्या का. मिळाल्या होत्या, पोचपावत्यांवर सह्या होत्या. संधी दिली होती, यांनी घेतली नाही, चौकशी योग्य, असा निष्कर्ष निघाला. चौघांपैकी एकाचंही म्हणणं त्या फाइलीत एका ओळीनेसुद्धा नव्हतं. त्यांतल्या एकाच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. त्यानंतर मी कुणालाही बहिष्काराचा सल्ला दिलेला नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात त्या आलेल्या नाहीत. कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार आहात का, हे पदाच्या नावावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. प्रेस चालवणाऱ्याबद्दल शंका येऊ नये, पण नेमणूकपत्रात "टीम लीडर" वगैरे लिहिलं असेल तर आजपासूनच रोजच्या हातकामाचे पुरावे गोळा करा. दुसरं म्हणजे तारखा. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1946 चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा) कायदा व 1947 चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले गेले. तुमची घटना, निलंबन आणि आरोपपत्र कोणत्या तारखांचे आहेत त्यावर कोणतं कलम लावायचं हे ठरेल, म्हणून वकिलाकडे जाताना तिन्ही तारखा कागदावर लिहून न्या. तिसरं, कंपनीत माणसं किती. नव्या संहितेत स्थायी आदेशांसाठी 300 कामगारांची मर्यादा आहे, जुन्या केंद्रीय कायद्यात ती 100 होती. पण "आपली कंपनी लहान आहे, आपल्याला नियम नाहीत" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बडतर्फीला आव्हान दिलं की चौकशी न्याय्य झाली का, हे लहान कारखान्याच्या बाबतीतही पाहिलं जातं.

न्याय्य चौकशी म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये सुर एनॅमलच्या खटल्यात इतकं साधं करून सांगितलं की आजही मी प्रत्येक फाइल त्याच मापाने तपासतो. आरोप स्पष्ट कळवलेले असावेत. साक्षीदार कामगाराच्या समोर तपासावेत. कामगाराला उलटतपासणीची संधी मिळावी. त्याला स्वतःचा जबाब आणि स्वतःचे साक्षीदार देता यावेत. आणि चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष कारणांसह लिहावा. त्याच वर्षी मीनग्लास चहामळ्याच्या खटल्यात आणखी एक गोष्ट पक्की झाली: जो साक्षीदार आहे त्याने चौकशीला न्यायाधीश म्हणून बसायचं नाही. तुमच्या बाबतीत चौकशी अधिकारी बाहेरचा वकील आहे, फी कंपनी देते. निव्वळ तेवढ्यावर चौकशी रद्द होत नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर शक्ती घालवू नका. मात्र तोच वकील कंपनीच्या बाजूने तुमच्याविरुद्ध दुसरीकडे उभा राहिला असेल, किंवा आरोपपत्राचा मसुदा त्यानेच केल्याचं तुम्हाला दाखवता येत असेल, तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत द्या. हरकत फेटाळली तरी पुढे हजर राहायचं. फक्त "हरकत कायम ठेवून भाग घेत आहे" हे वाक्य प्रोसिडिंगमध्ये यायला हवं.

आता आरोपपत्र समोर घ्या आणि एकेक शब्द वाचा. आज्ञाभंगाचा आरोप सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये कसा लिहिला आहे ते पाहा. नुसती आज्ञा मोडणं पुरत नाही. ती जाणीवपूर्वक मोडलेली असावी लागते, आणि ती आज्ञा कायदेशीर आणि वाजवी असावी लागते. तुमचं अख्खं प्रकरण या दोन शब्दांवर उभं आहे. सेन्सर बायपास करून पॉवर प्रेस चालवायला सांगणं ही वाजवी आज्ञा आहे का? प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, बोटं गमावलेला निदान एक माणूस त्याच्या ओळखीचा निघेल. तुम्ही काम टाळायला मशीन थांबवलं नाही, हात वाचवायला थांबवलं. हे कळकळीने सांगायचंच, पण त्यासोबत पुरावा लागतो.

शिवीगाळीचा आरोप वेगळ्या तऱ्हेने वाचायचा. "अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली" एवढंच लिहिलं असेल तर नेमके शब्द कोणते, कुणासमोर, किती वाजता, हे लेखी विचारा. आरोप मोघम असेल तर त्याला उत्तर देता येत नाही, आणि मोघम आरोप ही चौकशीतली खरी त्रुटी आहे. नुकसानीच्या आरोपात किती नग, किती वेळ, हिशेब कुणी केला, हे विचारा. आणि आरोपपत्रात लिहिलेलं प्रत्येक गैरवर्तन तुमच्या स्थायी आदेशांच्या यादीत आहे का, तेही जुळवून पाहा. यादीत नसलेल्या गोष्टीला मागाहून गैरवर्तन ठरवता येत नाही, हे ग्लॅक्सोच्या खटल्यात 1983 मध्ये स्पष्ट झालं आहे. स्थायी आदेशांची प्रत तुमच्याकडे नसेलच. मागा.

मागण्यासारखी बाकीची कागदपत्रं: सुपरवायझरची मूळ तक्रार, त्या पाळीचा उत्पादन अहवाल, त्या प्रेसची ब्रेकडाउन स्लिप, मेंटेनन्सचं रजिस्टर (त्या रात्रीचंच नको, मागच्या सहा महिन्यांचं, कारण सेन्सर पहिल्यांदाच बंद पडला असेल असं मला वाटत नाही), आणि सीसीटीव्ही. यातलं सीसीटीव्हीचं पत्र आजच जाऊ द्या, उद्यावर ढकलू नका. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर काही आठवड्यांत नवं चित्रण चढतं, आणि मग "उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. आज ईमेल करा, तेच पत्र पोस्टाने पाठवा, पावती जपा. पत्रात लिहा की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्रण चौकशी संपेपर्यंत जतन करावं. चित्रण मिळालं तर उत्तमच. तुम्ही वेळेत मागूनही त्यांनी जपलं नाही, तर तेही प्रोसिडिंगमध्ये नोंदवता येतं. लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कुणी "सेन्सर गेला" असा मेसेज किंवा फोटो टाकला होता का, तेही बघा. तुम्हाला ग्रुपमधून काढण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका.

सोबत कोणाला नेता येईल? स्थायी आदेशांप्रमाणे सर्वसाधारणपणे सहकारी कामगार किंवा तुम्ही सभासद असलेल्या युनियनचा पदाधिकारी. वकील मागणं हा सरसकट हक्क नाही, आणि बाहेरचा माणूस आणण्याचाही नाही. 1992 च्या क्रेसेंट डाइजच्या निकालाने ते स्पष्ट केलं. पण एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो आपल्या मुंबईच्या गोदीतूनच आला. मुंबई पोर्ट ट्रस्टने नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याच्या चौकशीत आपल्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी उभे केले आणि त्याला मात्र वकील नाकारला. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, समोर कायदेतज्ज्ञ बसवून कामगाराला एकटं पाडणं म्हणजे त्याला बचावाची वाजवी संधी नाकारणं. म्हणून तुमच्या चौकशीत व्यवस्थापनाची बाजू कोण मांडणार आहे ते पहिल्या तारखेला विचारा. चौकशी अधिकारी वकील असणं पुरेसं नाही, बाजू मांडणारा कोण हे इथे पाहायचं. तो वकील किंवा कायदा शिकलेला अधिकारी असेल, तर त्याच दिवशी लेखी अर्ज करून वकिलाची मागणी करा. नसेल, तर एखादा शांत डोक्याचा सहकारी शोधा. घाबरून नाही म्हणणारे बरेच भेटतील, त्यांचा राग धरू नका, त्यांनाही घर चालवायचंय. धाडसी माणसापेक्षा सुवाच्य अक्षरात भराभर लिहिणारा माणूस या कामाला जास्त उपयोगी पडतो.

चौकशीच्या दिवशी काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण माणूस गडबडतो तो तिथेच.

सुरुवातीला आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, "आरोप मान्य आहेत का?" उत्तर एकच: "मान्य नाहीत." त्यापुढे "पण मी थोडा चिडलो होतो" असं काही जोडू नका. ते सांगायची जागा तुमच्या जबाबात आहे. मग भाषा. कामकाज मराठीत चालावं आणि नोंद मराठीत व्हावी, असं सांगा. इंग्रजीत टाइप केलेल्या पानावर "मला वाचून समजावून सांगितले" या ओळीखाली सही केलेल्या शेकडो फाइली मी पाहिल्यात. खरोखर वाचून दाखवलं होतं अशी त्यांतली मोजकीच असतील.

मग व्यवस्थापनाचे साक्षीदार. आधी त्यांचा माणूस प्रश्न विचारेल, त्याला सरतपासणी म्हणतात. ती चालू असताना मधे बोलू नका, मान हलवू नका, लिहून घ्या. साक्षीदार संपला की उलटतपासणी तुमची. तयारीला वेळ हवा असेल तर जबाबाची प्रत घेऊन पुढची तारीख मागा, एकदा मागितली तर सहसा मिळते. पुन्हा पुन्हा मागितली तर तुम्हीच वेळ काढताय असं फाइलीत दिसेल.

उलटतपासणी म्हणजे भांडण नाही. एका चौकशीत साक्षीदार सांगत होता, कामगाराने सुपरवायझरला दिलेली शिवी मी स्वतः ऐकली. मी विचारत गेलो.

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"क्वालिटीच्या टेबलाजवळ."

"तिथून सात नंबरचा प्रेस किती लांब?"

"तीस-पस्तीस फूट असेल."

"मधले प्रेस चालू होते?"

"हो, सगळे चालू होते."

"तुमच्या कानात इअरप्लग होते?"

"होते. कंपनीचा नियमच आहे."

मी थांबलो. शेजारी बसलेला कामगार माझी बाही ओढत होता, "विचारा ना साहेब, मग ऐकलं कसं?" मी विचारलं नाही. विचारलं असतं तर साक्षीदाराने काहीतरी सांगून ती फट बुजवली असती: त्याच क्षणी प्लग काढले होते, ओठांवरून कळलं, काहीही. तो प्रश्न पुढे न्यायाधीशाच्या मनात आपोआप उठला. "का" आणि "कसं" हे प्रश्न उलटतपासणीत शक्यतो टाळा. ज्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा एखादा आकडा असेल, असे छोटे प्रश्न आधीच लिहून न्या.

तुमच्या सुपरवायझरला विचारायचे प्रश्न मला दिसतात ते असे. त्या रात्री सेन्सर बंद होता का? मेंटेनन्सला कळवलं होतं का, किती वाजता? सेन्सर बंद असताना प्रेस चालवायची लेखी परवानगी कंपनीने कुणाला दिली आहे का? तुम्ही मला बायपास करायला सांगितलंत का? यात दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची आहेत. सेन्सर बंद होता म्हणाला तर त्याची आज्ञा वाजवी ठरत नाही. चालू होता म्हणाला तर मेंटेनन्सचं रजिस्टर आणि ग्रुपवरचा फोटो त्याला खोटं पाडतात. आणि शेवटी तुमची बाजू त्याच्यापुढे ठेवायला विसरू नका. नोंदीत ती "असे म्हणणे खरे नाही की..." अशा वाक्यात येते: "असे म्हणणे खरे नाही की, आरोपित कामगाराने मला शिवी दिली नाही." वाक्य वाचायला विचित्र वाटतं, पण ते असावंच लागतं. नाहीतर पुढे म्हणतात की साक्षीदाराच्या सांगण्याला तुम्ही आव्हानच दिलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही फौजदारी केस नाही. संशयाचा फायदा मिळून सुटाल अशा भरवशावर राहू नका. 1977 च्या रतनसिंग खटल्यात बस कंडक्टरविरुद्ध प्रवाशांना साक्षीला आणलंच नव्हतं, तपासणी पथकातल्या माणसाची साक्ष होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने तेवढा पुरावा चालवून घेतला. अशा चौकशीत पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत. म्हणून "त्यांच्याकडे काही पुरावा नाही" एवढ्यावर गप्प बसू नका. स्वतःचा जबाब द्या, आणि सेन्सर बंद असल्याचं पाहिलेला एक तरी साक्षीदार आणा. कुणी येत नसेल तर त्याचं नाव देऊन त्याला बोलवावं असा लेखी अर्ज चौकशी अधिकाऱ्याकडे करा.

आणि सही. दिवस संपला की कागद पुढे सरकवतात, सगळ्यांना घरी जायची घाई असते. बसून वाचा. तुम्ही विचारलेला प्रश्न लिहिलाय का, उत्तर जसंच्या तसं आहे का? चूक असेल तर दुरुस्त करायला सांगा. करत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, "अमुक प्रश्न व उत्तर नोंदवलेले नाही, हरकतीसह सही." सहीसोबत तारीख आणि वेळ. प्रत्येक पानाची प्रत त्याच दिवशी घ्या. सही करायला नकार देऊन निघून जाणं हा वाईट मार्ग आहे, मग फक्त त्यांचीच बाजू कागदावर उरते.

आता माफीपत्र. ते साधारण असं असतं: "माझ्याकडून गैरवर्तन घडले, मी आरोप मान्य करतो, पुन्हा असे करणार नाही, मला माफ करावे." मजकूर एचआरने सांगितलेला, अक्षर तुमचं. आरोप बिनशर्त कबूल केले की कंपनीला साक्षीदार आणायचीही गरज उरत नाही, त्या एका कागदावर शिक्षा देता येते. फोनवर "मिटवून टाकू" म्हणणारा माणूस तेव्हा दुसऱ्या प्लांटला बदलून गेलेला असू शकतो.

पण खरोखर तोंडातून शिवी गेली असेल तर? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी इथे विचारतही नाही, तुमच्या वकिलाला मात्र खरं सांगा. तसं असेल तर जेवढं घडलं तेवढ्यापुरतीच दिलगिरी स्वतःच्या शब्दांत देता येते: "सेन्सर बंद असताना प्रेस चालवायला सांगितल्याने वाद झाला, त्यात माझा आवाज चढला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. प्रेस थांबवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक होते." अशा पत्राने खरंच प्रकरण मिटलेली उदाहरणं मी पाहिली आहेत, एखाद्या ताकिदीवर माणूस कामावर परत गेला आहे. अट एवढीच की आधी कंपनीकडून लेखी घ्यायचं: निलंबन कोणत्या तारखेपासून मागे, शिक्षा काय, निलंबनकाळाच्या पगाराचं काय. ते लेखी देत नसतील तर पत्र देऊ नका. "राजीनामा द्या, हिशेब लगेच देतो" असं पुढे आलं, आणि ते येईलच, तर त्या दिवशी काहीही सही न करता घरी या.

निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात मिळणारा वेतनाचा भाग, मिळतोय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या 90 दिवसांसाठी निम्मं वेतन, आणि त्यानंतर उशीर तुमच्यामुळे नसेल तर 75 टक्के; हा नियम जुन्या कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. संहितेत आणखी असं आहे की निलंबित कामगाराची चौकशी निलंबनापासून साधारणतः 90 दिवसांत पुरी व्हावी. भत्ता मिळत नसेल तर दर महिन्याला लेखी मागा आणि पैशाअभावी अडचण होत असेल तर तेही लिहा. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले एक सुरक्षा अधिकारी, कॅप्टन पॉल अँथनी, निलंबनात केरळला आपल्या गावी गेले होते. भत्ता मिळाला नाही, चौकशीला यायला पैसे नव्हते, आणि चौकशी त्यांच्यामागे उरकली गेली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकतर्फी चौकशी मान्य केली नाही. मात्र आपली अडचण त्यांनी वेळेवर कळवली होती, हे लक्षात घ्या. आणि निलंबनाच्या पत्रात रोज गेटवर हजेरीची अट असेल तर ती पाळा, त्यावरून भत्ता अडवायला निमित्त देऊ नका.

चौकशी संपली की निष्कर्षाचा अहवाल येतो. शिक्षेआधी त्याची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी, हे ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या 1993 च्या निकालापासून पक्कं आहे. प्रत आली की तुमचं म्हणणं लेखी द्या, आणि त्यात 14 वर्षांचं रेकॉर्ड घाला: बक्षिसं, उपस्थिती, आधी एकही मेमो नसणं. शिक्षा ठरवताना आधीचं रेकॉर्ड विचारात घ्यावं लागतं, आणि बरेच जण या टप्प्यावर थकून गप्प बसतात. आरोप सिद्ध झाला तरी बडतर्फी ही शिक्षा फार जड वाटली तर ती बदलण्याचा अधिकार न्यायालयाला 1971 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि संहितेतही तो न्यायाधिकरणाकडे आहे. तिथे तुमचं हे पत्र कामाला येतं.

एक भ्रम मात्र आताच सोडा. चौकशीत त्रुटी सापडली म्हणजे आपण जिंकलो, असं नाही. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायालयात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. पुण्याच्या भारत फोर्ज खटल्यात 1996 मध्ये हेच पुन्हा सांगितलं गेलं. म्हणून हरकती घ्या, पण सेन्सर बंद होता हे दाखवणारा पुरावा त्याहून जास्त जपा. बडतर्फीचं पत्र आलंच तर 90 दिवस मोजायला लागा. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेच्या (म्हणजे मालकाने कामगाराशी केलेल्या बेकायदा वागणुकीच्या) तक्रारीची मुदत तेवढी आहे. दुसऱ्या मार्गांना जास्त वेळ मिळत असला तरी सगळ्यात आखूड मुदत धरून चाललेलं बरं.

आज रात्री एक काम करा. शंभर पानी वही घ्या आणि त्या पाळीत काय काय घडलं ते क्रमाने लिहून काढा: तुम्ही कितीला आलात, किती नग काढल्यावर सेन्सरचा दिवा गेला, मेंटेनन्सचा कोण आला, सुपरवायझर कुठल्या बाजूने आला, नेमके शब्द काय, आजूबाजूच्या मशीनवर कोण कोण होतं. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा. खाली आजची तारीख घाला. ही वही चौकशीला न्यायची नाही आणि कुणाला दाखवायचीही नाही. ती घरीच ठेवा, आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री एकदा वाचा.